चारही प्लग एका रंगाचे

बुऱ्हाणपूर, १९ नोव्हेंबर २०२३

चि. रितेश यास गिरधरकाकाचा आशीर्वाद.

गाडी पुण्याला धड पोचल्याचं तुझ्या आईने, कुसुमवहिनींनी, दुकानात येऊन पाटीवर लिहून दाखवलं. हो, शनवारा भागातल्या माझ्या दुकानात आता पाटी टांगली आहे. ज्याला माझ्याशी बोलायचं त्याने लिहायचं. चाळीस वर्षं चालू इंजिनाला कान लावले, शेवटी इंजिनाने ते ठेवून घेतले. तेव्हा फोन करू नको. मोबाइलवर लिहायचं म्हटलं तर माझ्या एका अंगठ्याखाली तीन अक्षरं दबतात. जेट तर ट्रॅव्हल्सच्या पार्सलनेच पाठवायचे आहेत, त्यांच्याभोवती पत्र गुंडाळत जाईन. तू उलट पार्सलने गाडीचे प्लग पाठव.

प्लग नक्की पाठव. तुझं पत्र मी नंतर वाचीन, आधी प्लग बघीन. गाडीवाला सांगतो, 'काका, एकदम मक्खन चालते', आणि प्लग सांगतो की पेट्रोल कमी पडतंय. पांढरा प्लग म्हणजे इंजिन उपाशी, काळा म्हणजे खादाड, तपकिरी म्हणजे पोटभर जेवलेलं. माणसाआधी प्लगवर भरवसा ठेवला म्हणून मी आजवर फसलो नाही.

वहिनी विचारत होत्या, हा जेट म्हणजे असतो काय. त्यांच्या तळहातावर ठेवला. हरभऱ्याएवढं पितळ, मधे भोक. भोक जेवढं मोठं तेवढं पेट्रोल जास्त. त्या म्हणाल्या (म्हणजे लिहिलं), 'एवढ्याशासाठी नऊ वर्षं?' मी म्हटलं, हो.

नऊ वर्षं मी आणि तुझा बाप दर रविवारी त्या जुन्या फियाटखाली. सगळं गाव हसायचं. 'टर्बो लावायचा तर कार्बोरेटर फेका, कंप्यूटर बसवा, कार्बोरेटरला तो दाब झेपतो काय?' दिगंबर म्हणायचा, झेपेल, त्याला झेपवायला शिकवू. टर्बो कार्बोरेटरच्या तोंडात दाबून हवा भरतो. तेवढाच दाब पेट्रोलच्या वाटीवरही पडला पाहिजे, नाही तर हवा पेट्रोलला वर येऊच देत नाही आणि नेमकं जोर लावताना इंजिन उपाशी मरतं. म्हणून त्याने ती बारीक तांब्याची नळी कार्बोरेटरवरच्या टोपीपासून वाटीपर्यंत नेली. गाडी सुरू झालेली त्याने पाहिली, नीट धावलेली पाहिली नाही. तेवढं आपण दोघांनी पुरं करायचं.

गाडी तुझी आहे. अट एकच घातली होती, ती परत लिहितो. कार्बोरेटर उतरवायचा नाही. कंटाळा आला तर तसं कळव, मी स्वतः येऊन गाडी घेऊन जाईन, रागावणार नाही.

सध्या आत १४२ चा जेट आहे, आकडा भोकाच्या मापाचा. चालव आणि कळव.

तुझा गिरधरकाका


पुणे, २ डिसेंबर २०२३

ती. काकांना नमस्कार.

चार प्लग सोबत आहेत, नंबर टाकून कागदात गुंडाळलेत. आधी तेच बघा, मला राग नाही येणार.

काका, गाडी म्हणजे नुसती गंमत आहे. अनिकेत म्हणून माझा मित्र आहे, त्याचं इथे मोठं गॅरेज आहे, सगळं कंप्यूटरवरचं काम. त्याने बॉनेट उघडून पाहिलं आणि एकेक नळी बोटाने चाचपली. मग म्हणाला, 'ये किसने बनाया, भाई?' मी म्हटलं, माझ्या बाबांनी आणि काकांनी. माझी छाती फुगली होती.

कात्रजचा चढ चढलो. खालून मस्त ओढते, पण टर्बोचा दाब आला की वर जाऊन अडखळते, जणू कोणी मागून धरलं. एक छोटी गोष्ट, ती तांब्याची नळी बॉनेटला घासत होती, आवाज यायचा. म्हणून मी ती काढून तिथे छोटा फिल्टर लावलाय. बाकी सगळं तुम्ही दिलं तसंच.

आईला सांगा मी वेळेवर जेवतो.

तुमचा रितेश


बुऱ्हाणपूर, ८ डिसेंबर २०२३

चि. रितेश,

नळी परत जोड. हे पत्र वाचून झालं की आधी ते काम कर, मग चहा पी.

एक आणि चार नंबरचे प्लग खडूसारखे पांढरे आहेत, दोन-तीन जरा बरे. कडेचे दोन नेहमीच थोडे फिकट असतात. कार्बोरेटर मधे बसतो, जवळच्यांना जास्त वाढतो, पंक्तीच्या टोकाला कमी पोचतं. चाळीस वर्षांत दुसरं पाहिलं नाही. दिगंबरने त्यासाठी आत एक पट्टी जोडली होती, सगळ्यांना सारखं वाटलं जावं म्हणून. त्या पट्टीवरून आमचं वर्षभर भांडण. मी म्हणायचो, तिने काही होत नाही. पण फिकट वेगळं आणि हे पांढरं वेगळं. नळी काढलीस म्हणून वाटीवरचा दाब गेला. अशी गाडी जोरात चालवलीस तर पिस्टनला भोक पडेल. घासते तर थोडी वाकव, रबर लाव. हात दाखवून अवलक्षण करू नको.

सोबत १४८ चा जेट आहे. नेहमीसारखा फडक्यात बांधून, माझी गाठ मारून. नळी जोडल्यावर हा बसव. माझं मन दीडशेच्या वर जातंय, पण एक-एक पायरीने जाऊ.

शहापूरचा यादव आला होता, केळीवाला. त्याने तशीच फियाट घेतली आहे, टर्बोही आणून ठेवलाय. मला म्हणतो, 'काका, रितेशभाऊसारखी करून द्या.' मी म्हटलं, आधी पुण्याची गाडी बरोबर होऊ दे. तिचा जेट ठरला की तुझा ठरला.

नळी जोड.

तुझा गिरधरकाका


पुणे, २५ फेब्रुवारी २०२४

ती. काका, सा. नमस्कार.

उशीर झाला, माफ करा. ऑफिसात फार धावपळ होती. तुमची मधली दोन्ही पत्रं आणि त्यांसोबतचे तीन जेट मिळाले.

गाडी एकदम छान आहे. १४८ बरोबर बसला. आता अडखळत नाही, दाब आला तरी सरळ ओढते. जास्त काही लिहिण्यासारखं नाही. प्लग सोबत पाठवतोय, तुम्ही वाट बघत असाल म्हणून.

तब्येत सांभाळा. डोळ्यांना ताण देऊ नका.

रितेश


बुऱ्हाणपूर, ३ मार्च २०२४

चि. रितेश यास अनेक, अनेक आशीर्वाद.

पार्सल सकाळी मिळालं आणि दुकान बंद करून बसलो. चारही प्लग एका रंगाचे. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखे, चौघेही. आयुष्यात असे पाहिले नव्हते. दिगंबर जिंकला. त्याची पट्टी खरी होती आणि मी वर्षभर त्याच्याशी उगाच भांडलो. समोर असता तर म्हणाला असता, 'काय रे गिरधर, आता बोल.' मी त्याच्या फोटोसमोर बोललो, दुसरं काय करणार.

मग मिठाईवाल्याकडून अर्धा किलो दराबा घेतला आणि कुसुमवहिनींकडे गेलो. प्लग त्यांच्यासमोर ओळीने मांडले आणि सगळं समजावलं. त्यांनी दराबा तोंडात घातला आणि डोळ्यांना पदर लावला. पाटीवर काही लिहिलं नाही. त्यांनाही दिगंबर आठवला असणार.

प्लग आता दुकानात खिळ्यांना टांगले आहेत. हसणाऱ्यांपैकी तिघं येऊन बघून गेले.

यादवला निरोप धाडला, गाडी घेऊन ये. तीच टोपी, तशीच नळी, तशीच पट्टी, तोच १४८.

तुझा गिरधरकाका


पुणे, ३० मार्च २०२४

ती. काका,

यादवच्या गाडीचं वाचलं. एक सांगू का, त्याला थोडं जास्तच पेट्रोल द्या. १४८ माझ्याकडे बरोबर आहे, पण बुऱ्हाणपूरचा उन्हाळा वेगळा, पेट्रोल वेगळं. आणि आमच्याकडे काय बसलं यावर जाऊ नका. तुम्ही तुमच्या हिशेबाने करा, तुमचा अंदाज जास्त पक्का आहे.

शक्यतो त्याला थोडं थांबवाच. एवढी घाई कशाला.

रितेश


बुऱ्हाणपूर, २१ मे २०२४

चि. रितेश,

तुझं मार्चचं पत्र आलं तेव्हा यादवची गाडी होऊन गेली होती. वाचलं आणि ठेवून दिलं. पोरगा काकाला मान देतोय असं वाटलं.

गाडी नेण्याआधी मी तिचे प्लग बघितले होते. जरा पांढरटच वाटले. मोठा जेट घालावा म्हणून ड्रिल हातात घेतलं. मग मान वर केली, समोर खिळ्यांना तुझे चार प्लग. त्याच जेटवरचे, तपकिरी. म्हटलं, आता माझेच डोळे गेले. ड्रिल खाली ठेवलं.

परवा यादव आईला घेऊन तुकईथडला लग्नाला निघाला होता. धुरपदाबाई, पंचाहत्तरीच्या. दुपारचं ऊन, रिकामा रस्ता, यादवने दाबली. चार नंबरच्या पिस्टनला बोट जाईल एवढं भोक पडलं. आसपास झाड नाही. मदत येईपर्यंत दोन तास म्हातारी त्या तापलेल्या गाडीच्या सावलीला बसून होती, आणि तिथेच कोसळली. इथे दवाखान्यात आहे. काल डोळे उघडले, मुलाला ओळखत नाही.

मी जाऊन पलंगाशी उभा राहिलो. यादवने पाटी घेतली नाही, हळूहळू ओठ हलवून बोलला, मला समजावं म्हणून. 'काका, तुम्हाले मी काही म्हनत नाही. पन ते गाडी माले आता नको.' शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुकान उघडलं नाही. चाळीस वर्षांत माझ्या हातून इंजिन गेलं नव्हतं. हात चुकला की डोळे, तेच बघतोय.

सोबत १५२ चा जेट पाठवतो. तेवढा तुझ्या गाडीत घालून बघ, घाटात ने आणि कसं वाटतं ते लिही. मला कळायला हवं.

गिरधरकाका


पुणे, १ जून २०२४

ती. काका,

वाचून फार वाईट वाटलं. आईने फोनवर सांगितलं की धुरपदाबाई आता माणसं ओळखतात, घरी आणलंय. देवाची कृपा.

काका, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. यादवची गाडीच जुनी, इंजिनात आधीच काही असणार. तुमच्या हातात काही चूक नाही, तो हात सोन्याचा आहे.

१५२ चा जेट कालच बसवला. खंबाटकी घाट चढून आलो. काय सांगू, १४८ पेक्षाही मस्त, एकदम मक्खन. बघा, तुमचा हात तसाच आहे. दुकान उघडा.

तुमचा रितेश


बुऱ्हाणपूर, ६ जून २०२४

रितेश,

त्या जेटला भोक नव्हतं.

मी त्यात कथलाची झाळ वितळवून ते बुजवलं, वरून घासून चकचकीत केलं आणि फडक्यात बांधून पाठवलं. गाठ सोडून उजेडाकडे धरला असतास तरी कळलं असतं. त्या जेटवर गाडी फार तर जागच्या जागी पुटपुटेल. तू तिच्यावर खंबाटकी चढून आलास.

दवाखान्यातून आलो त्या दिवशी यादवचे प्लग आणि तुझे प्लग शेजारी ठेवले, भिंग घेतलं. पंक्तीच्या टोकाला कमी पोचतं हे तुला मीच लिहिलं होतं. चौघांना अगदी सारखं वाढतो तो कंप्यूटर. असे प्लग कार्बोरेटरवर होत नाहीत. हे मला मार्चमध्येच दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण मला दिगंबर जिंकलेला बघायचा होता. तरी म्हटलं, पोरावर एवढा मोठा आळ नुसत्या रंगावरून घ्यायचा नाही. म्हणून तो जेट पाठवला. पार्सल देऊन येताना देवाला म्हणत होतो की उलट पत्र यावं, 'काका, तुम्ही म्हातारे झालात, जेटला भोक पाडायलाच विसरलात.' मी दराबा वाटला असता.

मी तुला फसवलं, ते कबूल करतो. आता तू कर.

यादवच्या इंजिनाने मला सांगितलं होतं की ते उपाशी आहे. समोर दिसत होतं, हातात ड्रिल होतं. मी त्याचं ऐकलं नाही, तुझं ऐकलं. धुरपदाबाई त्यामुळे रस्त्यावर पडली.

कार्बोरेटर कुठे आहे?

गिरधर


पुणे, २० जून २०२४

काका,

चार वेळा लिहून फाडलं.

कार्बोरेटर माझ्याकडे आहे, कपाटात, बाबांच्या शर्टात गुंडाळून. विकला नाही, फेकला नाही. जानेवारीत उतरवला.

तुमचं नळीचं पत्र मला १२ डिसेंबरला मिळालं. रविवारी जोडू म्हटलं. शनिवारी अनिकेत आणि बाकीचे हायवेला निघाले, मला म्हणाले, चल, दाखव तुझी गाडी. मी गेलो. नळी जोडली नव्हती. तुम्ही लिहिलं होतं तसंच झालं, दोन पिस्टन गेले. गाडी ओढून आणली. अनिकेत म्हणाला, 'छोड़ ना यार, ये पुरानी चीज़ है, इंजेक्शन लगा दे.' मी हो म्हटलं आणि कार्बोरेटरच्या जागी कंप्यूटरवर चालणारं इंजेक्शन बसलं. सगळ्यांसमोर मला हे सांगता आलं नाही की चूक कार्बोरेटरची नाही, माझी आहे.

तुम्हाला लिहायला बसलो की तुम्ही दुकानात एकटे, पाटी घेऊन बसलेले दिसायचे. वाटलं, हे कळलं तर तुम्ही मोडून पडाल. जेट पाडता आहात, पत्रं लिहिता आहात, तेवढाच विरंगुळा. तो राहू दे म्हटलं. कोणाचं काय जातंय, असं वाटलं. यादवचं वाचलं तेव्हा घाबरलो, पण तेव्हाही सरळ लिहिता आलं नाही.

अजून एक आहे. आईला जानेवारीपासून माहीत होतं. मी तिला सांगितलं की काकांचा कार्बोरेटर चालला नाही, इंजिन खाल्लं, पण त्यांना बोलू नको, वाईट वाटेल. नळीचं तिला सांगितलं नाही.

मी काय करू ते सांगा. म्हणाल तर उद्या येतो, यादवच्या पाया पडतो.

रितेश


बुऱ्हाणपूर, ११ ऑगस्ट २०२४

रितेश,

तू मागाहून पाठवलेलं पार्सल जूनमध्येच मिळालं. कार्बोरेटर शाबूत आहे. नळी पिशवीत वेगळी होती. जेटच्या पाचही पुड्या मिळाल्या, पाचांवर माझी गाठ जशीच्या तशी. एकही सोडली नव्हतीस. त्यांतले दोन मी ताप असताना पाडले होते.

मी विरंगुळा म्हणून जेट पाडत नव्हतो. तुला तसं वाटलं, याचा मला खोटेपणापेक्षा जास्त राग आला. गाडी नको झाली होती तर एक ओळ पुरली असती. येऊन घेऊन गेलो असतो. तू मला दुकानात बसवून खेळणं दिलंस आणि घरच्यांना सांगितलंस, म्हाताऱ्याला रडवू नका. मला ऐकू येत नाही, रितेश. मला कळत नाही असं तुला कोणी सांगितलं?

वहिनींकडे गेलो. तुझं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं, नळीचा भाग बोटाने दाखवला. त्यांनी दोनदा वाचलं. मग पाटीवर लिहिलं, 'म्हणजे यांचं काम बरोबर होतं?' मी मान हलवली. त्या दिवशी दराबा खाताना त्यांना दिगंबर आठवला नव्हता, माझी कीव आली होती. जानेवारीपासून त्या माउलीला वाटत होतं की तिच्या नवऱ्याने नऊ वर्षं भंगार केलं. तू माझ्या पाया पडू नको, तिच्या पड.

यादवला मी कसाबसा तयार केला. महिनाभर त्याच्या इंजिनावर होतो. पिस्टन नवे टाकले, आणि दिगंबरचा कार्बोरेटर त्याच्या गाडीवर चढवला. नळी जोडली. जेट १५८ वर ठरला, प्लग बघून ठरवला. काल असीरगडच्या घाटात नेली. यादव चालवत होता, मी शेजारी, मागे कुसुमवहिनी आणि धुरपदाबाई. बाई स्वतःहून बसली. म्हणाली असं यादवने लिहून दाखवलं, 'ज्या गाडीनं पाडलं, तिनंच वर नेलं पायजे.' मी तळहात डॅशबोर्डवर ठेवला होता, मला आता तेवढंच ऐकू येतं. दाब आला, गाडी कुठेही अडखळली नाही. वर पोचल्यावर वहिनी किती तरी वेळ काही बोलत होत्या. मी पाटी पुढे केली नाही.

ही बातमी मला तुझ्याकडून हवी होती. आठ महिने मी तेवढीच मागत होतो.

माझ्या दुकानात येऊ नको, निदान या वर्षी तरी. यादवला मी सगळं सांगितलं आहे. त्याला काय म्हणायचं ते तो तुला म्हणेल.

सोबत कालचे चार प्लग आहेत. एक आणि चार जरासे फिकट, दोन-तीन गडद. दिगंबरच्या पट्टीने थोडा फरक पडतो, त्याला वाटायचा तेवढा नाही. भांडण आमचं बरोबरीत सुटलं.

मला पत्र पाठवू नको. पाठवायचंच झालं तर प्लग पाठव. ते मी वाचीन.

गिरधर